खानदेशी अंगणातील स्कॉच बॉनेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग पाहत वाढलेल्या माणसाला तिखटाचे नवल ते काय, असे मला वाटत असे. पण जमैकाची स्कॉच बॉनेट कुंडीत लावल्यापासून तो गर्व उतरला आहे. स्कॉटलंडमधील गोल टोपीसारख्या आकारावरून नाव पडलेली ही मिरची ईशान्य भारतातल्या जहाल भूत जोलोकिया मिरचीच्याच कुळातली असून, तिचा तिखटपणा साधारणतः १ ते ३.५ लाख स्कोव्हिल एकके भरतो.

बी उगवायलाच दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार गेला की फुले गळतात, म्हणून मी पावसाळ्याच्या अखेरीस रोपे लावून हिवाळ्यात फळे घेतो. (पहिल्या वर्षी विकतच्या बियाण्यातून साधी ढोबळी मिरची निघाली, तो भाग वेगळा! पाकिटावर वाणाचे खरे नाव छापण्याची सक्ती विक्रेत्यांवर काटेकोरपणे व्हायला हवी.)

जमैकात ही मिरची न चिरता, अख्खीच भातात शिजवून नंतर काढून घेतात. तीच रीत मी शेवभाजीच्या रश्श्याला लावली, तेव्हा जाळापेक्षा पिकल्या फळासारखा सुगंधच अधिक उतरला; देठाजवळ फुटलेली मिरची मात्र चुकूनही टाकू नये. चिरायचीच झाल्यास हातमोजे घालावेत. तोंड पोळले तर पाणी उपयोगाचे नाही, कारण तिखटाचे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दही किंवा दूध घ्यावे.

आपला,
एक वाचक, जळगाव