आबा, त्या दिवशी तुम्ही सिमेंटची पोती परत पाठवलीत…

आदरणीय आबा,

रविवारी कराडजवळच्या वसंतगडावर जाऊन आलो. आपण बसवलेल्या पायऱ्यांनी पावसाळा काढला, एक दगड हललेला नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं आणि चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे उघड पत्र.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही कराडची पोरं गडाची डागडुजी करायला पहिल्यांदा डोक्यावर सिमेंटची पोती घेऊन चढलो होतो. गडाची सेवा करतोय याचा केवढा अभिमान होता आम्हाला! तुम्ही गडावरच्या चंद्रसेनाच्या देवळात दर्शनाला आला होता. पोती बघून म्हणालात, "पोरांनो, ही खाली न्या. सिमेंट चुन्यापेक्षा टणक होतंय. पाणी आत कोंडलं की मग दगुडच फुटतोय." आणि दुसरं विचारलंत, "कागद आणलाय का? परवानगीबिगर तटाला हात लावायचा न्हाई." आमची तोंडं उतरली होती. खरं सांगतो, त्या दिवशी तुमचा राग आला होता. आज वाटतं, तुम्ही भेटला नसता तर आम्हीच त्या तटाचं वाटोळं केलं असतं.

परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत तुम्ही आम्हाला तुमच्या अंगणात चुना शिकवलात. कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, खड्ड्यात भिजवायची, आठवडेच्या आठवडे पाण्याखाली ठेवायची, मग गाळायची. वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायची, त्यात गुळाचं पाणी आणि भिजवलेला हिरडा. चुना हवा खात हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्यावर ओली गोणपाटं टाकून रोज पाणी मारायचं. बांधकामाच्या साईटवर चौथ्या दिवशी फळ्या काढणारी आमची पिढी, ती घाई तुम्ही आमच्या हातातून काढलीत. दगड उतरवण्याआधी प्रत्येकाला खडूने नंबर घालून फोटो काढायला लावलेत. बुरुजातला पिंपळ आम्ही उपटायला निघालो, तर ओरडलात. मूळ ओढलं की त्याच्याबरोबर चिरेही येतात, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. तो बुंध्याशी कापला आणि मुळं आत तशीच सुकू दिली.

येणाऱ्या माणसांचा प्रश्न मला बांधकामापेक्षा अवघड वाटत होता. आमच्यातले काही जण म्हणत होते, गडच बंद करू. तुम्ही म्हणालात, "देव वर हाय. लोक यायचीच. त्यांना वाट दावा." म्हणून ढासळत्या भागाला काटेरी कुंपण घातलं आणि दगडांच्या दोन ओळी लावून पायवाट कृष्णा आणि कोयना या दोन्ही तळ्यांकडून वळवली. तटाला टेकून चूल पेटवू नका, तापलेला दगड तडकतो, हे आम्ही आता पायथ्याशी प्रत्येकाला सांगतो. लोक ऐकतात, आबा. नुसतं 'मनाई आहे' म्हटलं की वाद होतो. कारण सांगितलं की बहुतेक जण सरपण खाली ठेवतात.

१६९९ मध्ये औरंगजेबाने हा गड घेतला आणि त्याचं नाव 'किलीद-इ-फतेह', म्हणजे विजयाची किल्ली, असं ठेवलं. मग तो साताऱ्याकडे वळला. मी ही गोष्ट मुलांना तटाशी उभं करून सांगतो. पायथ्याचं तळबीड म्हणजे हंबीरराव मोहित्यांचं गाव, हे कळलं की मुलं दगडावर नाव कोरायला काढलेली किल्ली गुपचूप खिशात घालतात.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत. चहासुद्धा घरचाच पाजलात. काकूंनी इतक्या भाकऱ्या थापल्या, त्यांचेही आभार मानायचे राहिलेत. ते मी इथे मानतो.

गुडघ्यांमुळे तुम्हाला आता वर येता येत नाही, हे माहीत आहे. दिवाळीनंतर टाक्याच्या काठाचं काम धरायचं आहे, त्याची परवानगी आली आहे. कळी भिजवायला तुमच्याच अंगणात आणतो. तुम्ही खाटेवर बसून नुसतं बघा. हिरडा किती घालायचा याचा अंदाज मला अजून येत नाही.

तुमचा,
कराडच्या रविवारच्या टोळीतला एक