सिक्वेलना सरसकट झोडपू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला हॉलिवूडच्या सिक्वेलवरचा लेख काल वाचला आणि आज हे पत्र लिहायला बसलो. लेखकाची भाषा चांगली आहे, वाचनही दिसते. पण दुसरा भाग काढणे म्हणजे डोके चालेनासे झाल्याची कबुली, असा निकाल देऊन त्यासाठी 'टर्मिनेटर 2'लाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे मला सहन झाले नाही. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला बदडायचे, बाकी काही नाही, असे त्यांचे म्हणणे. शिवाय लेखासोबतचे छायाचित्र 1984च्या पहिल्या भागातले आणि त्याखालची ओळ दुसऱ्या भागाची. यंत्रमानव झालेला नट श्वार्झनेगर दोन्हींत आहे हे खरे. पण पहिल्या भागात तो नायिका सारा कॉनरला मारायला येतो आणि दुसऱ्यात तिच्या मुलाला वाचवायला. सिनेमावर अर्धे पान लिहिणाऱ्याने आणि ते छापणाऱ्याने एवढे तरी पाहायला हवे होते.

हा सिनेमा नुसत्या बदडाबदडीचा कसा वाटू शकतो, हे मला ठाऊक आहे. मी तो पहिल्यांदा तसाच पाहिला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावात इंग्रजी सिनेमा लागायचा तो फक्त मॅटिनीला, सकाळी दहाला. बाराला हिंदी सिनेमाचा खेळ, त्याची गर्दी साडेअकरापासूनच फाटकाशी. 'टर्मिनेटर 2' आहे 137 मिनिटांचा. त्यात जाहिराती आणि मध्यंतर. दोन तासांत हे बसणार कसे? टॉकीजवाल्यांनी सरळ रिळे गाळली. मध्यंतरानंतर सारा कॉनर वाळवंटातल्या तळावर टेबलाशी बसलेली दिसते, तिचे डोळे मिटतात, आणि पुढच्या क्षणी ती बंदूक घेऊन गाडीतून एका इंजिनिअरला मारायला निघालेली असते. का, कशासाठी, कुणाला काही कळेना. स्टॉलमधून कुणीतरी ओरडले, "बाई येडी झाली!" आणि सगळे थिएटर हसले. सुटल्यावर डोअरकीपरला विचारले तर म्हणाला, "इंग्लिश पिक्चर असाच असतो." मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेलो. प्रिंटच अशी आली आहे, एवढे सांगून त्यांनी दार लावून घेतले. तिकिटाचे पैसे पूर्ण घेतले होते.

काय गाळले होते ते पुढे व्हीसीडी आल्यावर समजले. साराचे स्वप्न. मुलांचे खेळायचे मैदान, भोवती तारेचे कुंपण, आणि सारा कुंपणाबाहेरून जिवाच्या आकांताने ओरडते आहे. आतल्या आयांना ऐकू जात नाही. त्या आयांमधली एक ती स्वतःच आहे. वेट्रेसच्या गणवेशातली, लहानग्याला खेळवणारी, पहिल्या भागातली हसरी सारा. मग अणुस्फोटाचा लखलखाट होतो आणि ते मैदान, ती मुले, ती दुसरी सारा, सगळे जळून जाते. ज्याच्या संशोधनातून हा विनाश ओढवणार त्या इंजिनिअरला मारायला, जागी होते ती थेट निघतेच. मागे टेबलावर तिने सुरीने कोरलेले शब्द राहतात, नशीब आधी ठरलेले नसते अशा अर्थाचे.

संपादक महोदय, पहिल्या भागाला दुसऱ्याशी बांधणारा धागा तो हाच. 1984 साली हॉटेलात टेबले पुसणारी एक साधी मुलगी 1991 साली वेड्यांच्या इस्पितळात पलंग उभा करून त्याच्या दांड्याला लोंबकळत दंड कमावताना दिसते. मधल्या वर्षांत तिचे काय झाले हे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन भाषणात सांगत नाही. सारा साकारणाऱ्या लिंडा हॅमिल्टनच्या खांद्यांकडे आणि डोळ्यांकडे पाहून आपल्याला कळते. पुढे त्या इंजिनिअरच्या घरात, त्याच्या रडणाऱ्या मुलासमोर, बंदूक रोखलेली सारा चाप ओढू शकत नाही आणि तिथेच भिंतीला टेकून कोसळते. माणसे मारणाऱ्या यंत्राशी लढता लढता आपणच तसे होत चाललो, हे तिला त्या क्षणी उमगते. आणि दुसरीकडे तिच्या मुलाला वाचवायला आलेले यंत्र त्या मुलाकडून माणूसपण शिकते आहे. ही गोष्ट पहिल्या भागाशिवाय सांगताच येत नाही. या सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, चारही तांत्रिक बाजूंसाठी. हॅमिल्टनला साधे नामांकनही नाही, याचा मला आजही राग आहे. नायिका रिप्ले साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरला 'एलियन्स'साठी, म्हणजे कॅमेरॉनच्याच आणखी एका दुसऱ्या भागासाठी, निदान नामांकन तरी मिळाले होते.

आपला लेख वाचताना मला ती कापलेली प्रिंटच आठवली. टॉकीजवाल्यांनी वेळेसाठी जे गाळले, तेच लेखकाने मुद्दा बसवण्यासाठी गाळले आहे.

वाईट सिक्वेल निघतात, भरपूर निघतात, यावर माझे भांडण नाही. पण ते वाईट का, याचे कारण लेखकाने पैसा असे दिले आहे. पैशासाठी तर पहिला भागही निघतो. सिक्वेल वाईट ठरतो तो आधीच्या भागाने कमावलेले पुसून टाकतो म्हणून. 2003 साली कॅमेरॉनशिवाय 'टर्मिनेटर'चा तिसरा भाग आला. त्यात सारा पडद्याआड रक्ताच्या कर्करोगाने मेलेली, आणि जे युद्ध टाळण्यासाठी तिने आयुष्य जाळले ते शेवटी होतेच. 2019च्या भागात हॅमिल्टनला परत आणले, कॅमेरॉनही निर्माता म्हणून परतला, पाहताना आनंद झाला. पण सुरुवातीलाच तिच्या मुलाला गोळ्या घालून मारले. ज्याच्यासाठी आम्ही दोन सिनेमे जीव मुठीत धरून बसलो होतो, तो मुलगा! 1992च्या तिसऱ्या 'एलियन'चा गुन्हाही हाच. 'एलियन्स'मध्ये रिप्ले ज्या न्यूटला मृत्यूच्या जबड्यातून ओढून आणते, ती चिमुरडी पुढच्या भागाच्या आरंभी मेलेली सापडते. डेव्हिड फिंचरचा तो पहिला सिनेमा; त्याच्यातला दिग्दर्शक पुढे सगळ्यांनी पाहिला. पण न्यूटसाठी मी त्या सिनेमाला कधीच माफ केलेले नाही. यावर लेखकाने लिहिले असते तर मी त्यांच्या बाजूने पत्र पाठवले असते.

पुढचे भाग भाडोत्री दिग्दर्शक काढतात, हे लेखकाचे विधानही तपासून घ्यावे. जॉर्ज मिलरने 'मॅड मॅक्स'चा पहिला भाग 1979 साली केला आणि चौथा, 'फ्युरी रोड', 2015 साली, वयाच्या सत्तरीत. चित्रपटभर एक पाठलाग, मार्गारेट सिक्सेलचे संकलन, आणि सहा ऑस्कर. त्याला 'चौथा भाग' म्हणून लेखातल्या नुसत्या यादीत टाकून पुढे जाणे हा अन्याय आहे. 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला होता, त्याचा तर लेखात उल्लेखही नाही.

लिहायला घेतलेच आहे तर आणखी एक. आपल्या अंकात पूर्वी शहरातल्या चित्रपटगृहांचे खेळ आणि वेळा छापून यायच्या, इंग्रजी सिनेमा मूळ भाषेत आहे की हिंदीत डब केलेला हेही त्यात असायचे. ते सदर आपण बंद केले. सगळे मोबाइलवर मिळते असे उत्तर आहे, मला कल्पना आहे. पण आमच्या इथे हॉलिवूडचा नवा सिनेमा लागतो तेव्हा दिवसाचे खेळ हिंदीत आणि मूळ इंग्रजीतला एखादाच, तोही रात्री उशिराचा. माझ्यासारख्या ज्येष्ठाला तिकीट काढून आत बसल्यावर हे कळते. सिक्वेलवर अर्धे पान देता येते तर या सदरासाठी चार ओळींची जागा नक्की निघेल. ते पुन्हा सुरू करावे, आणि त्या छायाचित्राची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक