दुर्बीण घेण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या पगारातून पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेण्याचा तुझा विचार कळला आणि फार आनंद झाला. मात्र तू पाठवलेल्या जाहिरातींत वीसपट, तीसपट हेच आकडे ठळक छापलेले आहेत आणि तुझाही कल तिकडेच दिसतो, म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी हे सविस्तर लिहीत आहे.

दुर्बिणीवर ८×४२ असे काही तरी लिहिलेले असते. पहिला आकडा पक्षी किती पट मोठा दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. लोक पहिल्याला भुलतात; पण दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही तितकीच मोठी करते, आणि दहापटीच्या पुढे गेल्यास तिवईशिवाय चित्र ठरत नाही. शिवाय पट वाढली की नजरेच्या टप्प्यात येणारा भाग आक्रसतो. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटीत तो ११०च्या आसपास येतो. भिगवणला उथळ पाण्यात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांच्या थव्याला त्याने फारसा फरक पडत नाही. पण ताम्हिणीच्या झाडोऱ्यात क्षणभर फांदीवर टेकून पुन्हा उडणारा नीलिमा पक्षी आधी दुर्बिणीत सापडला तर पाहिजे.

आता उजेडाचे. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ८×४२मध्ये सव्वापाच मिलिमीटर, ८×२५मध्ये जेमतेम तीन. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर असल्यामुळे खिशात मावणारी लहान दुर्बीण तेव्हा पुरते. पहाटे किंवा ढगाळ दिवशी दाट सावलीत बाहुली बरीच अधिक उघडते, आणि तेव्हा लहान दुर्बिणीतून नीलिमा नुसता काळपट दिसतो, तर मोठ्या भिंगातून त्याच्या छातीचा नारिंगी रंग स्पष्ट ओळखू येतो. म्हणून माझे ठाम मत ८×४२च्या बाजूने आहे. पट कमीजास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणीच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांचा दृश्यपट्टा अरुंद असतो आणि चित्रही मंद.

तुला चष्मा आहे, ही बाब विसरू नकोस. डोळा आणि नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) यांच्यातले योग्य अंतर किमान सोळा मिलिमीटर असल्याची खात्री माहितीपत्रकात करून घे, नेत्रिकेवरचे कप पूर्ण खाली बसव आणि चष्मा घालूनच पाहा. चित्राची कड सगळीकडून गोल दिसली पाहिजे. उजव्या नेत्रिकेवर सहसा एक वेगळी कडी असते: आधी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर चित्र स्पष्ट करावे, मग उजव्या डोळ्यासाठी फक्त ती कडी फिरवावी. जवळचे किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसते तेही विचार. दोन मीटरवर दिसत असेल तर चिखलावर बसलेल्या नीलवंत फुलपाखराचे पंखही पाहता येतील, आणि हे आपले राज्यफुलपाखरू आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांना आतून बुरशी धरते. त्यासाठी नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीण घे, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, आणि घरी ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेव. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी. ओढणीच्या टोकाने कधीही पुसू नये. सूर्याकडे तर चुकूनही रोखू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट: दुकानदार नमुन्याची दुर्बीण दाखवून पेटीबंद नग हाती देऊ लागला तर तीच पेटी उघडायला लाव आणि दूरच्या एखाद्या पाटीकडे दोन-तीन मिनिटे सलग पाहा. दोन्ही नळ्यांची जुळणी चुकलेली असेल तर डोळ्यांवर ताण येतो किंवा अक्षरे दुहेरी दिसतात, आणि असा नग तिथेच परत करावा.

तुझी,
आई