आदिवासी विकास मंत्र्यांना खुलं पत्र : नंदुरबारची माणसं मोजणार कुठे?

मा. आदिवासी विकास मंत्री साहेब,

जोहार. 2027 च्या जनगणनेत आमची ऊसतोडीला गेलेली माणसं मोजणार कुठे, हे विचारायला हे पत्र.

महाराष्ट्रात लोकसभेचा मतदारसंघ नंबर 1 आमचा नंदुरबार आणि विधानसभेचा नंबर 1 पण आमचाच, अक्कलकुवा. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर आणि धुळे जिल्ह्यातले साक्री, शिरपूर अशा सहा विधानसभा मिळून ही लोकसभा होते, सहाच्या सहा एसटी (अनुसूचित जमाती) राखीव. बाहेरच्या माणसाला वाटेल की मग काय, सगळं राज्य तुमचंच आहे की. कागदावर आहेच.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळू नका. 1981 च्या पोटनिवडणुकीत माणिकराव गावित खासदार झाले ते 2014 पर्यंत हललेच नाहीत, सलग नऊ वेळा. 1989 ला, 1996 ला दिल्लीतून काँग्रेस गेली तरी आमच्याकडे पंजाच. 2009 ला तर लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या खासदारांना शपथ देणारे माणिकरावच होते. माणूस साधा, याबद्दल विरोधक पण वाईट बोलत नाहीत, पण सीट इतकी सेफ असली की दिल्लीला पण घाई राहत नाही आणि गल्लीला पण. मग 2014 ला हीना गावित भाजपकडून आल्या, 2019 ला परत आल्या, 2024 ला काँग्रेसच्या गोवाल पाडवींनी दीड लाखाच्या वर लीड घेऊन सीट परत खेचली. एक डॉ. विजयकुमार गावितांची मुलगी, दुसरा के. सी. पाडवींचा मुलगा. आणि हे दोन्ही वडील लागोपाठ तुमच्याच खुर्चीवर बसलेले, 2019 च्या शेवटापासून 2022 पर्यंत पाडवी, नंतर 2024 पर्यंत गावित. सलग दोन आदिवासी विकास मंत्री एकाच जिल्ह्यातले, तरी धडगाव तालुक्यात पावसाळ्यात बाळंतीण बांबूच्या झोळीतूनच खाली येते, त्यावर मी जास्त काय बोलू, तुम्ही पेपर वाचता.

आमच्याकडे सगळं वरूनच मिळालं असं पण नाही बरं का. 1971-72 च्या टायमाला शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती (लोक त्यांना महाराज म्हणायचे) आणि नंतर श्रमिक संघटना, यांनी सालदारांना (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरांना) आणि जमिनी गेलेल्या भिलांना उभं केलं, गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरीवर भांडले. आजचे पुढारी भाषणात त्यांचं नाव घेतात, पण जमिनीचा विषय निघाला की माईक दुसऱ्याकडे जातो.

आता मुद्द्यावर येतो. सीट राखीव कशी होते? आदिवासी लोकसंख्येच्या आकड्यावर. शिरपूरच बघा, 1990 पासून अमरीशभाई पटेल तिथले आमदार, सीट ओपन होती, मग 2001 च्या जनगणनेवर 2008 ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली, शिरपूर एसटीला गेलं आणि 2009 पासून काशिराम पावरा आमदार. एवढा मोठा नेता, पण जनगणनेच्या एका तक्त्यापुढे त्याचंही काही चाललं नाही. म्हणजे आमच्या मतदारसंघाचं नशीब मतदानाच्या दिवसाइतकंच मोजणीच्या दिवसावर ठरतं.

आणि मोजणी कधी आहे? 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख, घरोघर जाऊन माणसं मोजायची ती फेब्रुवारीत. साहेब, फेब्रुवारीत आमचे पाडे रिकामे असतात! दिवाळी झाली की मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो, नवराबायको कोयता, भांडी, कोंबड्या, लहान पोरं सगळं ट्रकमध्ये टाकून बारडोली-सुरतकडे उसाला जातात, घरी राहते म्हातारी आणि शाळेतलं एखादं पोरगं, तेही राहिलं तर. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही तो घरी मोजला जात नाही, जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे आमचा माणूस गुजरातच्या पडावावर (ऊसतोड्यांच्या मुक्कामावर), ताडपत्रीच्या झोपडीत, सापडला तर गुजरातचा आणि पहाटे अंधारात उसाच्या फडावर गेल्यामुळे नाही सापडला तर कुठलाच नाही. याआधीच्या मोजण्या पण फेब्रुवारीतच झाल्या. 2011 ला जिल्ह्यात आदिवासी 69 टक्के आले, तो आकडा पण उसाच्या हंगामातलाच आहे.

पुढची पुनर्रचना याच मोजणीवर झाली तर कुठली सीट राहील, कुठली जाईल, मला माहीत नाही. पण एवढं कळतं की सीमा आखणाऱ्यांपुढे तक्ता जाईल, पाडा जाणार नाही.

मंत्रीसाहेब, जनगणना केंद्राची, तुमच्या हातात नाही हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. पण केंद्राच्या जनगणना आयुक्तांना पत्र लिहिणं तुमच्या हातात आहे. पाड्यापाड्यातून कोण उसाला गेलं याची यादी ग्रामपंचायतीकडून घेणं तुमच्या प्रकल्प कार्यालयांच्या हातात आहे, तळोदा आणि नंदुरबार दोन्ही. गुजरात सरकारशी बोलून पडावावर संध्याकाळी, माणसं फडातून परत आल्यावर, भिली आणि पावरी समजणारा मोजणीदार पाठवायला सांगणं हे पण तुमच्या हातात आहे. आणि हे सगळं दिवाळीच्या आत व्हायला पाहिजे, कारण ट्रक लागले की यादी करायला पाड्यात कोणी सापडत नाही.

उत्तर आलं तर ते धडगावच्या तहसील कार्यालयाच्या बोर्डवर लावा, आम्ही वाचू.

आपला,
शहादा तालुक्यातला एक मतदार