चार वर्षांची पदवी, आठ वर्षांचा उपग्रह

महोदय,

रविवार पुरवणीतील विद्यार्थ्यांच्या उपग्रहांवरील लेख वाचला. कौतुक रास्तच, पण खरी अडचण त्यात निसटली. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ९९० ग्रॅमच्या ‘स्वयम्’ उपग्रहाचे काम २००८ मध्ये सुरू झाले, २२ जून २०१६ रोजी तो इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने कक्षेत गेला. पदवी मात्र चार वर्षांची.

अशा प्रकल्पांत घोळ होतो तो बहुधा विद्यार्थ्यांची तुकडी बदलताना. चाचणीच्या रात्री सर्किट बोर्डावरचा एक रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखणारा छोटा भाग) बदलला जातो, आराखड्यात जुनेच मूल्य राहते. पुढची तुकडी त्यावरूनच उड्डाणाचा बोर्ड बनवून घेते आणि बॅटरी नीट चार्ज होत नाही. कारण शोधण्यात अख्खे सत्र जाते. म्हणून प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि सही नोंदवावी. वरिष्ठांनी निदान एक सत्र कनिष्ठांसोबत काम करावे. नव्या मुलांनी कुणाला न विचारता, केवळ कागदांवरून जोडणी व चाचणी करून दाखवेपर्यंत सुपूर्दगी झाली असे मानू नये. शिवाय प्रयोगशाळेत एक पूर्णवेळ अभियंता हवा. प्राध्यापकांच्या फावल्या वेळात (तो असतो कुठे?) हे भागत नाही. उपग्रहाशी संपर्कासाठी लागणाऱ्या रेडिओ वारंवारतेचा अर्जही आराखडा ठरताच करावा, प्रक्षेपणाच्या तोंडावर नव्हे.

– एक वाचक, पुणे