ग्लुकोजच्या बाटलीआधी थायमिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेवर अख्खं पान छापलंत. आधीचे-नंतरचे फोटो झकास. नंतर काय बिघडतं याला मात्र तीन ओळी, आणि त्यातली एक म्हणे ‘उलट्या होतातच, काळजी नको’.

घास न चावता गिळला म्हणून एखादी उलटी झाली तर ठीक. पण रोज उलट्या होत राहिल्या, तर थायमिनचा (ब-१ जीवनसत्त्वाचा) साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. अशा रुग्णाला खानापूर, चिकोडीकडच्या एखाद्या गावात दवाखान्यात नेलं की पहिली फर्माईश ठरलेली: ‘लई अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा.’ ग्लुकोज जाळायला थायमिनच लागतं. उरलंसुरलं तेही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. एकाचे दोन दिसतात, तोल जातो, बोलणं भरकटतं. म्हणून आधी शिरेतून थायमिन, किमान १०० मि.ग्रॅ.; ही लक्षणं दिसू लागली असतील तर २०० ते ५०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा. ग्लुकोज त्यानंतर. पाणी कमी पडलं असेल तर तोवर नॉर्मल सलाईन चालतं. मग एंडोस्कोपी करून जठर-आतड्याचा जोड आकसलाय का, स्लीव्हची (जठर कापून केलेली) नळी पिळवटलीय का, ते बघायचं. नुसत्या उलटीच्या गोळीवर महिना काढायचा नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, असं असेल तर जठर कापून जोडलेल्या स्टेपलच्या रेषेतून गळती होत नाही ना, हे आधी तपासावं. स्थूल माणसाचं पोट अशा वेळीही मऊ लागू शकतं, त्यामुळे ‘गॅस आहे’ म्हणून घरी धाडू नये.

लेखात बायपास पोटाचा, चित्र हृदयाचं! आपल्याकडे नुसतं ‘बायपास झालाय’ म्हटलं की डॉक्टरही छातीकडेच बघतात. त्यात कुंद्याचे (दुधाच्या मिठाईचे) चार चमचे खाऊन अर्ध्या तासात घाम आणि धडधड सुरू झाली, की ईसीजी काढला जातो. तो डम्पिंगचा, म्हणजे गोड खाणं आतड्यात एकदम उतरल्याचा त्रास असतो. नातेवाइकांनी ‘पोटाचा बायपास’ असं स्पष्ट सांगावं, आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं नकोत हेही. जोडावर अल्सर होतो; दुखलं तर पॅरासिटामॉल.

आणखी एक. शस्त्रक्रिया कोल्हापुरात असो की हुबळीत, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीतच मिळतं. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल. तोवर एवढ्या चार ओळी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्यायला कोणाची हरकत आहे? पुढच्या पुरवणीत ती उलट्यांची ओळ तेवढी दुरुस्त करा.

— एक आहारतज्ज्ञ, बेळगाव