पाय (π) म्हणजे २२/७ नव्हे

महोदय,
शालेय गणितांत वर्तुळाची त्रिज्या बहुधा ७, १४ नाहीतर २१ सेंमी असते. म्हणजे २२/७ मधला सात छाटला जातो आणि उत्तर सुटसुटीत येते. यामुळे पाय म्हणजेच २२/७ हे मुलांच्या डोक्यात पक्के बसते. प्रत्यक्षात पाय, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ही अपरिमेय संख्या; दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात ती नेमकी मांडता येत नाही. २२/७ तिच्याहून किंचित मोठी. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६. तोही जवळपासचाच, असे त्याने स्पष्ट म्हटले! हा प्रामाणिकपणा वर्गात शिकवायलाच हवा. मुलांना ताटाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजू द्या, व्यासाने भागू द्या. त्रिज्या ८.३ सेंमी निघाली तरी बिघडत नाही.

– एक गणितप्रेमी वाचक, सातारा